न पडलेला गोळा

मी एक जुना लोखंडी गोळा आहे. कल्याण तालुक्यातल्या शाळांच्या क्रीडास्पर्धेत, मुलींच्या गोळाफेकीत, मी सगळ्यांत लांब गेलो आणि आमच्या शाळेचा पहिला नंबर आला.

मित्रांनो, वरचं वाक्य वाचलं असेल तर कृपा करून विसरा. असं काही झालेलं नाही. मी कुठे गेलो नाही आणि नंबर कसला तो आला नाही. तसं ठरलेलं आहे, आणि ठरवणारा माणूस कोट घातलेला होता. तेव्हा आपण मुळापासून सुरुवात करू.

माझा जन्म कुठल्या तरी ओतशाळेत झाला. त्या वेळच्या आठवणी फारशा नाहीत, कारण जन्मलो तेव्हा मी फार तापलेला होतो. थंड झाल्यावर पाहिलं, तर मला पुढची बाजू नव्हती आणि मागचीही नव्हती. अंगावर फक्त आठचा आकडा होता. आठ रत्तल. इतरांना बारशाला नाव मिळतं, मला वजन मिळालं.

तिथून मी कल्याणजवळच्या लष्करी छावणीत आलो. महायुद्ध चालू होतं. संध्याकाळी शिपाई खेळायला यायचे, आणि तिथेच मला माझं काम कळलं. मित्रांनो, चेंडू झेलतात, पतंग उडवतात, भोवरा हौसेने तळहातावर घेतात. मला मात्र आपल्यापासून होईल तितकं लांब लोटायचं, आणि जो सगळ्यांत लांब लोटेल त्याची पाठ थोपटायची, असा खेळ आहे. सुरुवातीला मनाला लागलं. मग लक्षात आलं, की लोटून झालं की कोणी ना कोणी मला आणायला येतंच. शिवाय जमिनीवर पडण्यात एक सुख असतं. धप्प असा आवाज येतो, मातीत आपल्या मापाचा खळगा पडतो, आणि क्षणभर वाटतं, की ही जागा आपलीच होती. त्या धप्पसाठी मी सगळं सहन करायचो.

युद्ध संपलं. शिपाई सामान बांधून गेले. सोळा रत्तलांचा मोठा गोळा बरोबर नेला, मला विसरले. मोठा गोळा तसाही माझ्याशी बोलत नसे.

पुढे फाळणी झाली आणि रिकाम्या बराकींत सिंधमधून आलेली माणसं राहायला लागली. आज त्या भागाला उल्हासनगर कॅम्प पाच म्हणतात. माझ्या बराकीत लोकूमल नावाचे गृहस्थ आले. बराकीचं दार वाऱ्याने सारखं उघडायचं. त्यांनी मला दाराशी लावलं आणि दार बंद राहिलं. घर मागे सोडून आलेल्या माणसाचं दार लागणं ही साधी गोष्ट नसते. त्या कामाचा मला अजून अभिमान आहे, जरी त्यात धप्प नव्हतं.

लोकूमल ट्रंका, बादल्या, साखळ्या सांधून द्यायचे. एक दिवस त्यांच्याकडे गुरुदत्त मास्तर लेझमांच्या साखळ्या सांधायला घेऊन आले. बदलापूरच्या कडेला, खरवईच्या बाजूला एक मराठी शाळा होती. तिथे ते ड्रिल शिकवायचे. अंगाने काडी, आणि गळ्यात कायम शिट्टी. असं म्हणतात, की स्वतःच्या लग्नातही मुंडावळ्यांच्या खाली ती होती. ते आत आले, त्यांनी मला पाहिलं आणि लेझीम विसरले.

"ये गोळा किदर से आया?" त्यांनी विचारलं. मास्तरांचं हिंदी सावधान-विश्रामच्या पुढे गेलेलं नव्हतं.

"गोळा नाय, मास्तर. मेरे दरवाजे की कुंडी है," लोकूमल म्हणाले. कुंडी म्हणजे त्यांच्याकडे दाराची कडी.

"हा खेळाचा आहे. आमच्या शाळेला पाहिजे."

"सांईं, बच्चे इसका क्या करेंगे?"

"लांब फेकतील."

लोकूमलनी थोडा विचार केला. "फेकनाही है, तो बदलापूर तक उठाके क्यूं ले जाते हो? इधर से फेको."

शेवटी अदलाबदल ठरली. मास्तरांच्या पिशवीत एक डंबेल होतं, त्याचं जोडीदार डंबेल हरवलेलं. ते दाराला लागलं आणि मी पिशवीत गेलो. निघताना लोकूमलनी माझ्यावरून एकदा हात फिरवला. माणसं दाराला सहसा असा हात फिरवत नाहीत.

शाळेत माझी सोय एका पेटाऱ्यात झाली. सोबत लेझीम होती, लाठ्या होत्या, आणि एक फुटबॉल होता, तो हवा नसल्यामुळे नेहमी पडून विचार करत असायचा. गुरुदत्त मास्तर मला दर आठवड्याला तिळाच्या तेलाने पुसायचे. तासाला सगळी मुलं आधी मैदानातले दगड वेचायची, मग कवायत, मग लेझीम, आणि शेवटी मी. मास्तर एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायचे, "गोळा फेकायचा नसतो रे. मानेला टेकवायचा आणि ढकलायचा. हाताने नाही, पायापासून." मुलं मान डोलवायची आणि हाताने फेकायची. मी मुलांच्या पायाजवळ पडायचो. धप्प मात्र होतं. सुखाचे दिवस होते.

हेडमास्तरांना ते सुख दिसत नव्हतं. ते गणिताचे होते. खिडकीतून ते कवायतीकडे असे बघायचे, जसं कोणी आपल्या शेतात दुसऱ्याची गुरं बघावीत. एक दिवस त्यांनी मास्तरांना बोलावलं. पेटारा त्यांच्याच खोलीत होता, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं.

"गुरुदत्त, इतकी वर्षं तुम्ही मुलांना डावा पाय, उजवा पाय शिकवता आहात."

"हो, सर."

"पाय त्यांना आधीपासून होते."

मास्तरांनी आपल्या पायांकडे पाहिलं.

"मी वाईट माणूस नाही," हेडमास्तर म्हणाले, आणि ते खरंच होते तसे. "पण व्यवहारी अपूर्णांक कोणालाच येत नाहीत. यंदाच्या तालुका स्पर्धेत एक तरी नंबर आणा. नंबर आला नाही, तर पुढच्या वर्षी ड्रिलचा तास गणिताला. आणि मग ड्रिल मास्तर ठेवून तरी शाळा काय करणार?"

"बरं," मास्तर म्हणाले. बाहेर गेले आणि रिकाम्या मैदानावर त्यांनी एकदा शिट्टी वाजवली. कोणीच आलं नाही. सुट्टी झाली होती.

नंबर आणायचा तर कशात, हा प्रश्न होता. धावण्यात अंबरनाथची मुलं पुढे होती, कबड्डीत कॅम्पातली. पण त्या वर्षी प्रथमच मुलींची गोळाफेक ठेवली होती. तोवर मुलींनी चमच्यात लिंबू घेऊन चालावं, अशी पद्धत होती. मास्तरांनी चौकशी केली, तेव्हा कळलं की सगळ्या तालुक्यातून मिळून चार मुली येणार आहेत. नंबर तीन असतात. मास्तरांनी हा हिशेब हेडमास्तरांना सांगितला नाही, नाहीतर त्यांनी त्यातून अपूर्णांक काढला असता.

आमची मुलगी म्हणजे अंजनी. सातवीतली, खरवईची, घरी भातशेती. खळ्यावर भाताचे भारे उडवीवर, म्हणजे रचलेल्या ढिगावर, भिरकावायचं काम तिचं होतं. तिने मला पहिल्यांदा हातात घेतलं आणि म्हणाली, "मास्तर, ह्याच्यात काय नाय. भारा बरा, तो टोचतो तरी."

आणि तिला पायापासून ढकलणं पहिल्याच दिवशी जमलं. मास्तरांनी आखलेली चुन्याची रेघ ओलांडून मी पडलो. धप्प. मास्तर बराच वेळ खळग्याजवळ उभे राहिले, जणू त्यात काही उगवणार आहे.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. मग खंडेनवमी आली.

तुम्हाला ठाऊकच आहे, खंडेनवमीला हत्यारांची पूजा करतात. सुतार करवतीची करतो, शिंपी यंत्राची. मास्तरांनी ड्रिलचं सगळं सामान मैदानाच्या कडेच्या उंबराखाली मांडलं आणि हळद-कुंकू वाहिलं. फुटबॉललासुद्धा, तो ओशाळला. दसऱ्यानंतर सामान पेटाऱ्यात गेलं. मी जड, म्हणून मला शेवटी न्यायचं ठरलं, आणि शेवटी न्यायचं ते राहतं. मास्तरांना ताप आला, पाठोपाठ दिवाळीची सुट्टी लागली, आणि मी उंबराखाली तसाच.

शाळेचं पाणी भरणाऱ्या बनूबाई सकाळी विहिरीवर निघाल्या होत्या. उंबराखाली त्यांना काहीतरी काळं, गोल, हळद-कुंकू वाहिलेलं दिसलं. भल्या बाईने अशा वेळी जे करावं तेच त्यांनी केलं. घरी जाऊन शेंदूर आणला आणि मला लावला. दुसऱ्या दिवशी त्यांची हरवलेली शेळी परत आली. ती शेळी दर दिवाळीला हरवायची आणि दर दिवाळीला परत यायची, पण तोवर तिच्या येण्याला कारण नव्हतं.

शाळा उघडली तेव्हा माझ्यावर पानांचा मांडव होता, पुढे दिवा होता, आणि मला नाव मिळालं होतं. गोळोबा.

मित्रांनो, खोटं कशाला बोलू, पहिले दोन दिवस बरं वाटलं. तेलाऐवजी तूप मिळत होतं. पण तिसऱ्या दिवशी मास्तर मला न्यायला आले, आणि मला कळलं की देव झाल्यावर माणूस आपल्या कामावर जाऊ शकत नाही. गोळासुद्धा.

"मास्तर, हात धुतले का?" बनूबाई कळशी खाली ठेवत म्हणाल्या.

"बनूबाई, हा शाळेचा गोळा आहे. ह्याच्यावर आठ लिहिलंय."

"आता शेंदराखाली काय लिवलंय ते देवाचं देवाला."

"अहो, स्पर्धा आलीय. मला फेकायचाय."

बनूबाईंनी त्यांच्याकडे दयेने पाहिलं. "तापातून उठलाव ना नुकते," त्या म्हणाल्या. "घरी जा. पेज घ्या."

मास्तर हेडमास्तरांकडे गेले. हेडमास्तर उंबरापर्यंत आले, चपला काढल्या, नमस्कार केला आणि मग म्हणाले, "मी ह्यात पडणार नाही. नंबराचं मात्र बोलणं झालंय आपलं." दुसरा गोळा मिळतो का म्हणून मास्तर कल्याणपर्यंत जाऊन आले. मिळाला तो मोठ्या मुलांचा. स्पर्धेत गोळा ज्याचा त्याने आणायचा होता. तोवर अंजनी घरचा वरवंटा ढकलून सराव करत होती, आणि तिच्या घरी चटणी जाडीभरडी होत होती.

शेवटी गाव उंबराखाली बसलं. हिंदुराव गावातले वडीलधारे, मोठ्या मिशांचे, शांत बोलणारे. त्यांनी दोन्ही बाजू ऐकल्या. मास्तर म्हणाले, "हिंदुराव, नंबर आला नाही तर तास जाईल. तुमचीच पोरं आहेत. त्यांना शाळेत एक तास तरी उन्हात उभं राहू द्या."

"पोरां घरी बी उन्हातच असतात," हिंदुराव म्हणाले. "पन तुमचा बोलना मला समजतो. देवालाच विचारू."

म्हणजे कौल. देवाच्या उजव्या आणि डाव्या अंगाला ओलं फूल चिकटवायचं आणि प्रश्न विचारायचा. उजवं पडलं तर हो, डावं पडलं तर नाही. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी मला विचारत होतं, की बाबा रे, तुला फेकू का. माझं उत्तर तयार होतं. पण मी गोल आहे. गोल देवाला फूल चिकटत नाही. हिंदुरावांनी हात काढला आणि दोन्ही फुलं एकदमच घसरली.

बनूबाईंनी हात जोडले.

"हो बी बोलतो आन नाय बी बोलतो," हिंदुराव म्हणाले.

"म्हणजे काय करायचं?" मास्तरांनी विचारलं.

हिंदुरावांनी मिशीवरून हात फिरवला. बराच वेळ फिरवला, मिशी मोठी होती. "फेकायचा. पन भुईला टेकू द्यायचा नाय."

आणि असं ठरलं, की गावातले चार गडी घोंगडी धरून मैदानात उभे राहतील आणि देवाला वरच्यावर झेलतील.

मास्तर घरी गेले ते विचार करत. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला तेल लावलं, म्हणजे शेंदरावरून लावलं, आणि हळूच म्हणाले, "घाबरू नकोस. घोंगडीवाल्यांना मी इतक्या लांब उभं करणार आहे, की कुठल्याच मुलीचा गोळा तिथवर पोचायचा नाही. तू मधेच पडशील. पंच म्हणून येणारे दिपोटी साहेब मोजतील. मग आपण गावाची क्षमा मागू." क्षमा मागायला लागेल म्हणून त्यांनी नारळही आधीच पिशवीत टाकून ठेवला. मी खूश झालो. धप्प होणार होतं.

ही युक्ती त्यांनी कोणालाच सांगितली नाही. अंजनीलाही नाही. चूक म्हणायची तर एवढीच.

स्पर्धा अंबरनाथच्या माळावर होती. इतर शाळांचे गोळे गोणपाटातून आले. मी पालखीत आलो. म्हणजे खुर्चीला दोन बांबू बांधले होते, पण वर छत्री होती. पुढे आमच्याच शाळेची लेझीम, मागे खरवईची माणसं, आणि सगळ्यांत मागे गुरुदत्त मास्तर, पिशवी पोटाशी धरून. माळाच्या कडेला लोकूमल चण्यांची पाटी घेऊन बसले होते. सुट्टीच्या दिवशी ते तेही करायचे. त्यांनी छत्रीखाली वाकून पाहिलं.

"अरे," ते शेजारच्याला म्हणाले, "ये तो अपनी कुंडी है. देखो, कितनी तरक्की कर ली." आणि त्यांनी मूठभर चणे माझ्यापुढे ठेवले.

दिपोटी साहेब, म्हणजे शाळा तपासणारे अधिकारी, पंच होते. कोट, टोपी, हातात मोजायची फीत. त्यांनी वेळ थोडा म्हणून प्रत्येक मुलीला एकच फेक ठेवली होती. पहिल्या तिघींनी आपापले गोळे टाकले. ते चांगले होते, पण मास्तरांनी इथेही शाळेतल्याइतक्याच अंतरावर आखलेल्या चुन्याच्या रेघेपर्यंतही आले नाहीत. घोंगडी त्या रेघेच्याही बरीच पलीकडे होती. चार गडी तिथे चार कोपरे धरून उभे, मधे हिंदुराव नजर वर लावून.

"ही माणसं कोण?" दिपोटी साहेबांनी विचारलं.

"पालक आहेत," मास्तर म्हणाले. ते खोटं नव्हतं.

"घोंगडी कशाला?"

"थंडी आहे, साहेब."

अंजनी वर्तुळात आली. तिने मला आधी कपाळाला लावलं, मग मानेला टेकवलं. मित्रांनो, तिच्या मानेची शीर उडत होती ती मला लागत होती. तिने समोर पाहिलं. बाकीच्या मुलींनी पुढे मैदान पाहिलं असेल. अंजनीला फक्त घोंगडी दिसत होती. तिला कोणी सांगितलेलंच नव्हतं, की तिथवर पोचायचं नाहीये. तिला एवढंच माहीत होतं, की घोंगडीपर्यंत गेला नाही तर देव भुईवर पडेल आणि तो आपल्या हातून पडलेला असेल.

"मास्तर," ती हळू आवाजात म्हणाली, "लय लांब उभी केलीत हो मानसां."

मास्तरांनी तोंड उघडलं. पण तोवर तिचा पाय वळला होता.

ती पायापासून ढकलत होती. अगदी शिकवलं होतं तसं. मी वर गेलो. लष्करातल्या शिपायांनी मला कधी इतकं वर नेलं नव्हतं. खालून तिन्ही गोळ्यांचे खळगे गेले, मास्तरांची चुन्याची रेघ गेली, टोपी सांभाळत धावणारे दिपोटी साहेब गेले. मी उतरायला लागलो. माती जवळ येत होती. चांगली, भुसभुशीत, माझ्या मापाची माती. मी डोळे मिटले असते, असते तर.

आणि मी घोंगडीत पडलो. आवाज झाला नाही.

खरवईने जल्लोष केला. लेझीम वाजली. चौघांनी मला घोंगडीसकट डोक्यावर घेतलं. दिपोटी साहेब फीत घेऊन पोचले आणि जमिनीकडे बघत फिरायला लागले.

"गोळा कुठे पडला?"

"पडला नाय, साहेब," हिंदुराव अभिमानाने म्हणाले. "पडू दिला नाय."

"मग मी मोजू कुठपर्यंत?"

"वर मोजा."

साहेब शांत गृहस्थ होते. त्यांनी टोपी काढली, डोकं पुसलं, पुन्हा घातली. "गोळा जमिनीला लागतो तिथपर्यंत मोजायचं, असा नियम आहे. लागला नाही, तर फेक पुरी झाली नाही."

"म्हणजे बाद?" मास्तरांनी विचारलं. त्यांचा आवाज शिट्टीत अडकल्यासारखा येत होता.

"बाद कशी करू? तिचा पाय वर्तुळाबाहेर गेलेला नाही. काही चुकलेलंच नाही." साहेब विचारात पडले. "पुरी झालेली नाही आणि चुकलेलीही नाही. तेव्हा फेक अजून चालू आहे."

"चालू आहे?"

"नियमाने गोळा अजून हवेत आहे. तो जमिनीला लागेल तेव्हा मला कळवा. तोपर्यंत ह्या खेळाचा निकाल लागलेला नाही."

मित्रांनो, आता नीट ऐका, कारण माझ्या आयुष्याचं काय करायचं ते त्या क्षणी ठरलं. घोंगडी अजून चौघांच्या हातात होती. चौघांनी हात खाली केले असते, तर मी तिथेच पडलो असतो. धप्प. बाकी तिन्ही खळगे मागे होते. पहिला नंबर. मास्तर घोंगडीपाशी आले.

"हिंदुराव," ते म्हणाले, "जरा हात खाली करा. एवढंच करा."

"मास्तर, कौल झालाय."

"माझा तास जाईल हो."

हिंदुरावांनी मान खाली घातली, पण घोंगडी नाही. मास्तरांनी कोपरा धरला. त्यांना तो ओढता आला असता. मग त्यांनी मागे पाहिलं. अंजनी वर्तुळात तशीच उभी होती. बाहेर यायचंही विसरली होती. सगळं गाव तिच्या नावाने ओरडत होतं. लिंबू-चमच्यात कधी कोणी कोणाच्या नावाने ओरडलेलं मी ऐकलं नव्हतं.

"मास्तर, टेकला नाय ना?" तिने लांबूनच विचारलं.

मास्तरांनी कोपरा सोडला नाही. वर धरला. "नाही गं," ते म्हणाले. "बरोबर पोचवलास."

पिशवीतला नारळ न फुटता परत आला.

दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांनी विचारलं, "आला का नंबर?"

"निकाल लागलेला नाही, सर," मास्तर म्हणाले.

"मग कधी लागणार?"

"गोळा खाली आल्यावर."

हेडमास्तर खिडकीपाशी गेले. उंबराखाली गाव माझ्यासाठी लाकडी चौरंग बांधत होतं, त्यावर घोंगडीची घडी, त्यावर मी. भुईला टेकणार नाही अशी पक्की व्यवस्था. हेडमास्तरांनी बोटांवर काहीतरी मोजलं. ते हिशेबाचे पक्के होते. नंबर आला नाही तर तास बंद, असं ते बोलले होते. नंबर आला नव्हता, आणि आला नाही असंही झालं नव्हतं. "निकाल लागेपर्यंत चालू दे मग," ते म्हणाले, आणि फळ्याकडे वळले. मला वाटतं, ते किंचित हसले. पाठ होती, खात्रीने सांगता येत नाही.

ह्याला आता बरीच वर्षं झाली. मधे सरकारी नवा गोळा आला, तो मुलं फेकतात. मला त्याचा आवाज ऐकू येतो. धप्प. मग थोडं थांबून पुन्हा धप्प. अंजनी सातवी पास झाली, लग्न होऊन जांभूळ गावी गेली. माहेरी आली की मुलीला घेऊन येते, मला नमस्कार करते, आणि कोणी बघत नाही असं पाहून मला दोन्ही हातांनी उचलते. मानेला टेकवते. पाय वळवते. आणि परत ठेवते. "शेंदूर लय जड झालाय देवा तुला," असं गेल्या खेपेला म्हणाली. गुरुदत्त मास्तर अजून शिकवतात. तास सुरू होण्याआधी एकदा उंबराकडे येतात, चौरंग हलवून बघतात, पाय डुगडुगत नाहीत ना. एका पायाखाली त्यांनी लाकडाची पाचर घातलीय.

बालमित्रांनो, माझी कहाणी ऐकून एवढं लक्षात ठेवा. शाळेचं खेळाचं सामान जपा. जपायचं म्हणजे पेटाऱ्यात ठेवायचं नाही आणि देव्हाऱ्यातही नाही. तेल लावा, वापरा, आणि वापरून झाल्यावर आणायला जा. लेझमाला वाजू द्या, फुटबॉलात हवा भरा. लांब ढकललेल्या वस्तूला वाईट वाटत नाही. एकाच जागी फार मानाने बसवलेल्या वस्तूला वाटतं, पण ती बोलत नाही, कारण समोर लोक हात जोडून उभे असतात.

माझं मागणं मोठं नाही. ते मी रीतसर मांडतो.

शिक्षणखात्याच्या संबंधित अधिकाऱ्यांच्या सेवेशी सविनय सादर. अर्जदार लोखंडी गोळा, वजन आठ रत्तल अधिक शेंदूर, हल्ली मुक्काम हवेत. अर्जदाराची फेक नियमानुसार अद्याप चालू असून, एवढ्या काळात अर्जदार थकलेला आहे. सबब अर्जदारास एकदाच जमिनीवर पडण्याची परवानगी मिळावी. पडण्यासाठी उंबराखालची माती अगोदर ओली करावी. खळगा पडल्यावर तो मोजावा, मात्र माप कोणास कळवू नये, निकाल लावू नये, आणि ड्रिलचा तास आहे तसाच चालू ठेवावा. हे सर्व एकाच वेळी करणे नियमात बसत नसल्यास, पहिली विनंती रद्द समजून फक्त शेवटची मान्य करावी. तोपर्यंत अर्जदार आहे तिथेच, म्हणजे कुठेही न पडता, आपल्या हुकमाची वाट पाहील. कळावे.